पाणी वजा जाता: सह्याद्रीचा कातळ आणि शुक्राची जमीन

शुक्राच्या पृष्ठभागाविषयी आज जे काही खात्रीने सांगता येते, त्याचा बराचसा भाग बेसाल्ट या एकाच खडकाभोवती फिरतो. आणि बेसाल्ट म्हणजे लाव्हा थिजून तयार झालेला तोच काळा कातळ, ज्यावर सातारा जिल्ह्यातले बहुतेक किल्ले उभे आहेत आणि जो फोडून सांगली जिल्ह्यातल्या बहुतेक विहिरी खणल्या गेल्या आहेत. शुक्रावर माणूस कधी उतरलेला नाही आणि नजीकच्या काळात उतरण्याची शक्यताही नाही, त्यामुळे त्या ग्रहाच्या भूशास्त्राचा अभ्यास करू पाहणाऱ्याला हातोडी, भिंग आणि नोंदवही घेऊन पृथ्वीवरच्याच लाव्हाच्या प्रदेशात काम शिकावे लागते, आणि असे काम शिकायला महाबळेश्वरपासून तासगाव-जतपर्यंतच्या पट्ट्याइतका बोलका प्रदेश जगात फार थोड्या ठिकाणी आहे. मात्र या पट्ट्यात काही हंगाम काम केलेल्या अभ्यासकाच्या लवकरच एक गोष्ट लक्षात येते, ती अशी की येथील खडक शुक्रावरच्या खडकाचा सख्खा भाऊ असला तरी त्याच्यावर साडेसहा कोटी वर्षे पाण्याचा हात फिरलेला आहे, आणि पाण्याने केलेले ते सारे काम नेमके ओळखून मनातल्या मनात वजा करता आले, तरच शुक्राच्या जमिनीची काही कल्पना येऊ लागते. ही वजाबाकी कशी करावी लागते आणि ती करताना काय हाती येते, तेच पुढे मांडले आहे.

कामाची सुरुवात बहुधा अंबेनळी घाटातून होते. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा हा रस्ता एक किलोमीटरहून अधिक जाडीच्या लाव्हाथरांना आरपार कापत जातो, आणि भूशास्त्राच्या जागतिक वाङ्मयात दख्खनच्या लाव्हाचे जे उपविभाग मान्य झाले आहेत त्यांतील पोलादपूर, अंबेनळी आणि महाबळेश्वर हे तीन शैलसमूह याच चढणीवर एकावर एक रचलेले दिसतात. या तिघांसह पन्हाळा आणि देसूर हे शैलसमूह ज्या मोठ्या गटात मोडतात, त्या गटालाही याच परिसरातल्या वाई गावाचे नाव आहे. शैलसमूह म्हणजे एकाच जातकुळीच्या लाव्हाप्रवाहांचा संच. डोळ्यांना हे प्रवाह सारखेच दिसतात, त्यांतला फरक रासायनिक पृथक्करणातून कळतो, आणि १९८०च्या दशकात कॉक्स, हॉक्सवर्थ, महोनी, सुब्बाराव आदी संशोधकांनी या घाटांतून पायथ्यापासून माथ्यापर्यंत नमुने गोळा करून ही विभागणी उभी केली.

नमुना घेणे हे दिसते तितके सोपे काम नाही. पावसाळ्यात सगळा उतार हिरवाईने आणि ओघळांनी झाकलेला असतो, म्हणून काम करायचे ते दिवाळीनंतर, आणि तेव्हाही रस्त्याच्या कापात समोर दिसणारा खडक हा खरा खडक नसतो, कारण त्याच्या अंगावर तांबूस-पिवळट, मऊ पडलेली साल चढलेली असते. ही साल हवा आणि पाणी यांनी खडकातील लोहयुक्त खनिजे कुजवून तयार केलेली असून तिच्यातील कॅल्शियम, सोडियम यांसारखी मूलद्रव्ये वाहून गेलेली असतात, त्यामुळे तिचे पृथक्करण केले तर लाव्हाची नव्हे, पावसाची माहिती मिळते. म्हणून हातोडीचे घाव घालत आत जावे लागते, आणि घाव घातल्यावर बद्द आवाज न येता खणखणीत आवाज आला, तुटलेला पृष्ठभाग काळा-करडा, ताजा आणि धारदार निघाला, की तो तुकडा पिशवीत जातो. अनुभवी माणूस खडक डोळ्यांआधी कानांनी पारखतो, आणि ही पारख पुस्तकातून येत नाही.

शुक्रावर हे काम आतापर्यंत अगदी मोजक्या वेळा झाले आहे. सोव्हिएत संघाची व्हेनेरा १३ आणि व्हेनेरा १४ ही याने मार्च १९८२ मध्ये चार दिवसांच्या अंतराने तेथे उतरली. त्यांतील लहानशा यांत्रिक गिरमिटाने जमिनीत काही सेंटिमीटर भोक पाडून भुकटी यानाच्या आत ओढली आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने तिचे पृथक्करण केले. व्हेनेरा १३च्या नमुन्यात पोटॅशियमचे ऑक्साइड सुमारे ४ टक्के निघाले, म्हणजे तो खडक पोटॅशियमने समृद्ध अशा विरळ जातीचा बेसाल्ट होता; उलट व्हेनेरा १४च्या नमुन्यात ते प्रमाण ०.२ टक्क्याच्या आसपास होते, जसे ते पृथ्वीवर महासागरांच्या तळाशी सापडणाऱ्या बेसाल्टमध्ये असते. अंबेनळी शैलसमूहाचा खडकही पोटॅशियमच्या बाबतीत असाच गरीब आहे, कारण त्याचा लाव्हा वर येताना भूकवचातील ग्रॅनाइटी खडकांशी फारसा मिसळला नाही, तर त्याखालच्या पोलादपूरच्या लाव्हात ही मिसळ स्पष्ट दिसते. हे साम्य पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही; अंबेनळीत लोह आणि टायटेनियम शुक्रावरच्या त्या नमुन्यापेक्षा बरेच जास्त आहे, आणि व्हेनेराच्या उपकरणाला सोडियम मोजताच आले नव्हते. तरीही एका गोष्टीचे महत्त्व कमी होत नाही: महाबळेश्वरच्या एकाच चढणीवर, काही तासांच्या चालीत, लाव्हाची जातकुळी अनेकदा बदलते, आणि शुक्राचा संपूर्ण ग्रह मात्र मूठभर ठिकाणच्या मोजमापांवरून ओळखला जातो. एका नमुन्यावरून एक खंड ठरवू नये, हे सह्याद्रीत काम केलेल्या माणसाला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये ठिकठिकाणी विटकरी-तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, त्याला विहीर खणणारे गेरू म्हणतात. खालचा प्रवाह थंड झाल्यावर पुढचा प्रवाह येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात पाऊस-हवेने खालच्या प्रवाहाचा माथा कुजला आणि त्यावर राखधूळ साचली, तोच हा थर. पुढच्या लाव्हाने तो भाजून काढला. पट्टा काही सेंटिमीटरांपासून एखाद्या मीटरपर्यंत जाड असतो, बोट घासले तर तांबडा रंग लागतो आणि वरच्या खडकाचा तळ त्यावर इतका नेमका टेकलेला असतो की सांध्यात नखही शिरत नाही. अलीकडच्या काळात या मातीच्या थरांतून झिरकॉन नावाच्या टणक खनिजाचे अतिसूक्ष्म कण वेगळे काढून, त्यांतील युरेनियमचे शिशात किती रूपांतर झाले आहे हे मोजून, दख्खनच्या उद्रेकाचा काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा असा ठरवण्यात आला. बेसाल्टमधील आर्गॉन वायू मोजून दुसऱ्या गटानेही कालमापन केले, आणि उद्रेकाचे प्रमुख पर्व दहा लाख वर्षांच्या आसपास आटोपले यावर दोन्ही गटांचे एकमत असले तरी त्या पर्वातील चढउतारांविषयी त्यांचा मतभेद कायम आहे.

शुक्राच्या बाबतीत हाच प्रश्न कितीतरी अधिक बिकट होतो. १९९० ते १९९४ या काळात मॅगेलन यानाने रडारच्या साहाय्याने त्या ग्रहाचा ९८ टक्के पृष्ठभाग नकाशावर आणला. रडार म्हणजे रेडिओलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारे उपकरण, आणि शुक्राचे ढग दृश्य प्रकाशाला अपारदर्शक असल्याने कक्षेतून जमीन बारकाईने पाहण्याचा तोच मार्ग उरतो. त्या नकाशात उल्कापाताची सुमारे हजारभरच विवरे आढळली, आणि तीही सगळीकडे सारखी विखुरलेली. यावरून पृष्ठभागाचे सरासरी वय काही शे दशलक्ष वर्षे निघते, पण संपूर्ण ग्रह एकदाच लाव्हाने झाकला गेला की थोडाथोडा करत झाकला गेला, हा वाद गेली तीसहून अधिक वर्षे चालू आहे. दख्खनमध्ये हातात धरता येणारे झिरकॉन आणि डोळ्यांसमोरचे गेरूचे थर असूनही लाखभर वर्षांच्या फरकावर विद्वान भांडतात, तर केवळ विवरे मोजून शुक्राचा निवाडा होईल अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. शिवाय शुक्रावर गेरू तयार होण्याची सोयच नाही. तेथे दोन प्रवाहांमध्ये कितीही काळ लोटला तरी त्याची अशी ठळक खूण राहणार नाही, आणि उद्या एखादा उभा छेद दिसला तरी त्यातील विरामाचा काळ वाचणे फार कठीण जाईल.

उभा छेद दिसणे हीच मुळात मोठी गोष्ट आहे. कृष्णा, कोयना, सावित्री या नद्यांनी सह्याद्री चिरला म्हणून आतले थर दिसतात; शुक्रावर नद्या नाहीत, त्यामुळे तेथे बहुतेक ठिकाणी केवळ सर्वांत वरच्या प्रवाहाची पाठ दिसते. मॅगेलनच्या रडारचित्रातील बारकावा सुमारे शंभर मीटरांचा आहे, आणि उंची मोजणाऱ्या उपकरणाच्या एका मोजमापात तर दहा किलोमीटरहून अधिक रुंदीचा प्रदेश सामावतो. या मापाने सातारा शहर पाहिले तर शहरावर उभा असलेला अजिंक्यतारा उंचीच्या नकाशातून पुसला जाईल आणि ज्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगररांगांवरून लाव्हाप्रवाह मोजले जातात त्यांचा मागमूसही राहणार नाही. रडारला खरखरीत पृष्ठभाग उजळ आणि गुळगुळीत पृष्ठभाग काळसर दिसतो, म्हणून शुक्रावरच्या उजळ जिभांसारख्या पट्ट्यांना ओबडधोबड लाव्हा मानले जाते; हे अनुमान रास्त आहे, पण कासच्या सड्यावर भर उन्हात उभे राहून पायाखालचा जांभा किती खरखरीत आहे आणि त्याच्या खालचा कातळ किती गुळगुळीत, हे ज्याने पाहिले आहे, तो रडारचा उजळपणा आणि खडकाची जात यांची गल्लत करणार नाही.

सह्याद्रीतही सगळेच नदीने उघडे केलेले नाही, आणि उरलेले पाहण्यासाठी कराडला जावे लागते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, धरणाच्या जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे ते जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण ठरले, आणि सांगली जिल्ह्याच्या सीमेवरील वारणा धरण भरू लागल्यानंतर हे भूकंपक्षेत्र दक्षिणेकडे सरकल्याचेही दिसून आले. या भूकंपांचा छडा लावण्यासाठी, हर्ष गुप्ता यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर, केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची येथे प्रयोगशाळा उभारली, दीड किलोमीटरच्या आसपास खोलीचे नऊ बोअर घेतले आणि पुढे गोठणे येथे ३ किलोमीटर खोलीचे पथदर्शी छिद्र २०१७ मध्ये पूर्ण केले. बोअरमधून निघणारा दंडगोलाकार, सलग खडक म्हणजे कोअर. तो लांबट पेट्यांत क्रमाने मांडलेला असतो, प्रत्येक तुकड्यावर खोली लिहिलेली असते आणि वरची बाजू कोणती हे बाण काढून दाखवलेले असते, कारण एकदा तुकडा उलटा ठेवला गेला की पुढचा सगळा अर्थ उलटतो.

कोअर वाचताना तो आधी ओला करतात, म्हणजे कोरड्या धुळीखाली दडलेला पोत उठून दिसतो. खालून वर सरकत गेले की प्रवाहाचा तळ, मग एकसंध घट्ट काळा गाभा, मग हळूहळू वाढत जाणारी बुडबुड्यांची छिद्रे आणि शेवटी गेरू, असा क्रम पुन्हा पुन्हा येतो. ही छिद्रे लाव्हात विरघळलेले वायू दाब कमी होताच सुटल्याने पडतात आणि नंतर झिरपणाऱ्या पाण्यातून त्यांत झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारेसारखी पांढरी-हिरवट खनिजे भरतात. भरल्या छिद्रांच्या या खडकाला विहिरींच्या कामातले लोक मांजऱ्या म्हणतात. अशी बेसाल्टची जाडी ठिकाणानुसार काही शे मीटरांपासून सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत भरली आणि तिच्याखाली, मध्ये कोणताही गाळाचा खडक न येता, थेट प्राचीन ग्रॅनाइटी पाया लागला. शुक्राचा विचार करताना या पेट्यांपुढे उभे राहिलेला अभ्यासक दोन गोष्टी खोडतो. छिद्रांतली खनिजे तेथे नसणार, कारण पाणी नाही. आणि सखल मैदानांत छिद्रेही कमी असणार, कारण तेथील हवेचा दाब पृथ्वीवरच्या हवेच्या सुमारे ९२ पट, म्हणजे समुद्रात ९०० मीटर खोलीवर असतो तेवढा आहे, आणि इतक्या दाबाखाली लाव्हातील वायूला सहजासहजी सुटता येत नाही. गोठण्याला खडकात ३ किलोमीटर शिरता आले; शुक्रावर आजवर माणसाचे अवजार काही सेंटिमीटरच शिरले आहे.

तेथील हवेची मूळ गोष्ट मात्र घाटात समजत नाही, ती समजण्यासाठी कृष्णेच्या काठाकाठाने सांगलीकडे यावे लागते. शुक्राच्या हवेत ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सियस आहे, आणि ४८ ते ७० किलोमीटर उंचीवर गंधकाम्लाच्या थेंबांचे अखंड ढग आहेत. हे ढग सूर्यप्रकाशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परत फेकतात, त्यामुळे सूर्याच्या जवळ असूनही शुक्र पृथ्वीपेक्षा कमी सूर्यऊर्जा शोषतो. तरीही तो भट्टीसारखा तापलेला आहे, कारण शोषलेली उष्णता बाहेर जाऊ न देण्याइतका जाड कार्बन डायऑक्साइड तेथे साठून राहिला आहे. पृथ्वीवरही ज्वालामुखींनी हा वायू कमी ओकलेला नाही, दख्खनच्या लाव्हाने तर अफाट प्रमाणात ओकला. मग तो गेला कुठे?

त्याचे उत्तर तासगाव, कवठेमहांकाळ, जत या तालुक्यांतील द्राक्षबागायतदार ज्या जमिनीला कंटाळलेला असतो त्या चुनखडीच्या जमिनीत आहे. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनते, बेसाल्टमधील कॅल्शियम सोडवते, आणि त्या दोघांच्या संयोगातून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना, तयार होतो. सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरच्या माथ्यावर पाण्याचा जोर इतका असतो की कॅल्शियम पार धुऊन निघते आणि लोह-ॲल्युमिनियमचा जांभा मागे उरतो. ते कॅल्शियम कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते आणि अखेर समुद्रतळाच्या चुनखडकात जाते. पूर्वेकडे, पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या प्रदेशात, तेच कॅल्शियम जागच्या जागी पांढऱ्या खड्यांच्या रूपाने काळ्या मातीत साचते. या चुन्यामुळे वेलीला जमिनीतले लोह घेता येत नाही, शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात आणि बागायतदाराला लोहाची खते घालावी लागतात. परंतु त्या मातीतला एक खडा घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो, आणि त्यातून सुटणारा वायू तोच असतो ज्याने शुक्राचे आकाश भरलेले आहे. ताज्या, घट्ट कातळावर टाकलेला थेंब मात्र स्वस्थ पडून राहतो. पृथ्वीच्या चुनखडकांत असा जखडलेला एकूण कार्बन डायऑक्साइड शुक्राच्या वातावरणातील साठ्याच्या तोडीचा आहे. शुक्रापाशीही एके काळी पाणी असावे. पायोनियर व्हीनस मोहिमेने १९७८ मध्ये तेथील हवेत जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून अधिक मोजले, आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटून पाणी गमावल्याचीच ती खूण मानली जाते. पाणी गेले आणि चुना होण्याची वाट बंद झाली. जिला नापीकपणाचे कारण मानले जाते ती सांगलीची चुनखडी पृथ्वी राहण्याजोगी ठेवणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे, आणि शेतीच्या पुस्तकांत ही बाजूही शिकवली गेली पाहिजे.

शुक्र मृत ग्रह नाही, हे आता बऱ्याच खात्रीने म्हणता येते. मॅगेलनची जुनीच चित्रे नव्याने तपासताना माट या ज्वालामुखीवरील एका मुखाचा आकार फेब्रुवारी ते ऑक्टोबर १९९१ दरम्यान बदलल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी सिफ पर्वताच्या उतारावर नवे लाव्हाप्रवाह ओळखले गेले. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजला असल्याने सह्याद्रीत ताजा प्रवाह पाहायला मिळत नाही, तेवढ्यापुरते हवाई किंवा आइसलँड बेटांकडे पाहावे लागते. मराठी वाचकाला जवळीक वाटावी असेही काही शुक्रावर आहे: तेथील जवळजवळ सर्व स्थळांना स्त्रियांची नावे देण्याचा प्रघात असल्याने एका विवराला डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आणि दुसऱ्याला पंडिता रमाबाईंचे नाव मिळाले आहे, आणि एका विस्तीर्ण उंच पठाराला लक्ष्मीचे.

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,२३६ कोटी रुपये खर्चाच्या भारतीय शुक्र मोहिमेला मान्यता दिली असून तिचे उड्डाण मार्च २०२८ मध्ये नियोजित आहे. हे यान उतरणार नाही, कक्षेतून फिरत राहील आणि त्यावर रडारही असेल. त्या रडारची चित्रे येतील तेव्हा ती वाचायला केवळ संगणक जाणणारी माणसे पुरणार नाहीत, लाव्हाप्रवाहाची कड, त्याचा तळ आणि त्याचा माथा प्रत्यक्ष चढून पाहिलेली माणसे लागतील. सातारा, कराड आणि सांगलीच्या महाविद्यालयांत भूशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना ही संधी घराबाहेर पडताच मिळते, आणि तिचा फायदा त्यांनी घ्यावा. त्यांच्या शिक्षकांनी अंबेनळी आणि पसरणी घाटांतील थरांची, विशेषतः गेरूच्या प्रत्येक पट्ट्याची, उंचीसह छायाचित्रे आणि नोंदी आताच करून ठेवाव्यात, कारण रस्ता रुंद होतो किंवा दरडीवर जाळी आणि सिमेंट चढते, तेव्हा झाकला गेलेला छेद पुन्हा वाचता येत नाही.